ताळा ठेवला, कारण गाळले

कोल्हापुरात शिक्षकांच्या एका बैठकीत विखंडन समजावताना पाठ्यपुस्तकांतले नेहमीचे वाक्य आम्हीही म्हटले : 'थोड्या वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते.' एका शिक्षिकेने फळ्यावरच्या समीकरणाकडे बोट दाखवले. युरेनियम-२३५ मध्ये एक न्यूट्रॉन शिरतो; बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि तीन न्यूट्रॉन मिळतात. "दोन्हीकडे प्रोटॉन ९२, न्यूट्रॉन १४४. मग नाहीसे काय झाले?"

प्रश्न रास्त होता. आमचे वाक्य खोटे नव्हते. पण त्यात या प्रश्नाचे उत्तरही नव्हते.

केंद्रकातील प्रोटॉन विद्युतबलाने एकमेकांना दूर लोटत असतात. केंद्रकीय बल त्यांना बांधून ठेवते, परंतु त्याचा पल्ला फार तोकडा. न्यूट्रॉन शिरल्यावर केंद्रक डळमळते, लांबट होते आणि मध्येच तुटते. आता हे बल दोन तुकड्यांना जोडू शकत नाही. ५६ आणि ३६ प्रोटॉनांचे तुकडे प्रतिकर्षणाने प्रचंड वेगाने दूर फेकले जातात. मिळणाऱ्या सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपैकी सुमारे १७० ही या तुकड्यांचीच गतिज ऊर्जा असते. इंधनातील अणूंवर आदळून तिची उष्णता होते. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या केंद्रात पाण्याची वाफ झाली ती अशाच उष्णतेने.

मग वस्तुमानाचे काय? दाबून दोऱ्याने बांधलेली स्प्रिंग घ्या. दोरा जाळताच ती उसळते. ही ऊर्जा काडीची नव्हे, स्प्रिंगमध्ये साठलेली. दाबलेली स्प्रिंग मोकळ्या स्प्रिंगपेक्षा अत्यल्प जड असते, कारण साठलेल्या ऊर्जेलाही वस्तुमान असते. युरेनियमचेही तसेच, येथे घट हजारात एकाहून थोडी कमी. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जळते तेव्हाही वस्तुमान घटते, फक्त ती घट तराजूला कळत नाही. तेथे आपण कारण म्हणून ज्वलन सांगतो. मग विखंडनातच केवळ वस्तुमानावर का थांबावे?

१९३८ च्या नाताळात स्वीडनमध्ये लिझे माइटनर आणि ओटो फ्रिश यांनी प्रतिकर्षणावरून सुमारे २०० दशलक्ष हा आकडा काढला. मग वस्तुमानातील घट पाहिली : प्रोटॉनच्या वस्तुमानाचा सुमारे पाचवा भाग. आइन्स्टाइनच्या समीकरणाने उत्तर तेवढेच आले. तो त्यांच्या हिशेबाचा ताळा होता. आपल्या धड्यांनी ताळा तेवढा ठेवला आणि कारण गाळले. पुढच्या तासाला प्रथम स्प्रिंग दाखवावी, समीकरण नंतर लिहावे. आम्हीही आता तसेच करतो.