नार्व्याहून दिसणारी १९११ ची रंगभूमी

१९११ साल आणि नार्वे असे शब्द जवळ आले की शाळकरी पोराला अमुंडसेन आठवणार, आणि त्याचे काही चुकत नाही. त्या साली १४ डिसेंबरला दक्षिण ध्रुवावर पोचलेला माणूस नॉर्वेचाच होता. माझे नार्वे मात्र डिचोलीतले, मांडवीकाठचे. समोर दिवाडी बेट, मध्ये पाणी, आणि अलीकडे सप्तकोटेश्वर. बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पाडले, लिंग नदी ओलांडून इकडे आले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. शिलालेख दारावर आहे. अष्टमीच्या स्नानाला लोक अजून याच काठावर उतरतात.

या काठावरून १९११ ची मराठी रंगभूमी कशी दिसली असती, हे पाहण्याचे कारण असे की आपली नाट्येतिहासाची पुस्तके ती गिरगावातून पाहतात. गिरगावातून ते साल झगझगीत दिसते. १२ मार्चला किर्लोस्कर मंडळीने 'मानापमान' रंगभूमीवर आणले. आदल्या वर्षी खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर सरकारने बंदी घातली होती. आता त्याच लेखणीतून संगीत नाटक उतरले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. भामिनी बालगंधर्व, लक्ष्मीधर गणपतराव बोडस, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरी ते उभे राहिले, ही कथा इतकी सांगितली जाते की नाटकाबद्दल बोलायचे राहूनच जाते. माझे मत सांगतो. 'मानापमान' ऐकायला अवीट आहे, पण त्यातला लेखक गाण्यापुढे हरतो. धैर्यधर आणि लक्ष्मीधर यांच्यातला सामना म्हणजे शौर्य आणि पैसा यांचा सामना. तो रंगात येतो न येतो तोच पेटी सूर धरते, आणि प्रेक्षक पुढच्या संवादाची नव्हे, वन्समोअरची वाट पाहू लागतो. संगीत नाटकाला पुढे जडलेला आजार त्याच्या सर्वांत देखण्या वर्षातच अंगात होता.

गोव्यात तेव्हा वेगळीच हवा होती. ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आले. पुढच्या एप्रिलात चर्च आणि सरकार वेगळे करणारा कायदा झाला. हिंदूंना बरोबरीच्या नागरिकाचे स्थान मिळाले, शाळा निघू लागल्या. १९१२ मध्ये हेगडे देसायांचे 'भारत' पत्र सुरू झाले. मोकळीक मिळाली ती आधी छापखान्याला आणि शाळेला. नाटकाला तिची तशी गरजही नव्हती, कारण डिचोली-पेडण्यातले नाटक कागदावर नव्हतेच.

ते होते जत्रेत. पेडण्याकडे आणि पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्यात ज्याला धयकालो म्हणतात, तो दशावतार. देवळासमोरची मोकळी जागा, मागे पखवाज, झांज आणि पेटी, आणि मध्ये एक बाकडे. तेच बाकडे सिंहासन, तेच रथ, लढाईत तेच डोंगर. संहिता नाही. कोणते आख्यान लावायचे ते ठरले की नट तोंड रंगवायला बसतात, आणि रंग वाळेपर्यंत कोणी कुठे अडवायचे, कोणी कुठे सोडायचे, एवढेच बोलणे होते. आधी आडदशावतार: गणपती येतो, रिद्धीसिद्धी येतात, सरस्वती येते, मग काळ्या कपड्यांतला, लाल जीभ लोंबवणारा संकासूर. देव आणि राजे मराठीत बोलतात, संस्कृतकडे झुकलेल्या, भारदस्त. संकासूर बोलतो गावच्या बोलीत, आणि नाईकाला, म्हणजे सूत्रधाराला, असे आडवे प्रश्न घालतो की वेद चोरून नेणारा तो असला तरी लोक त्याच्याच बाजूने हसतात. दोन भाषांमधला हा खटका त्या काळच्या छापील नाटकांत मला क्वचितच सापडला. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे उभे राहिले ते कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ पाहून, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच जातीचा खेळ ७० वर्षांनी पेडण्यात रात्रभर चालू होता, आणि त्याला नाटक म्हणायला कोणी समीक्षक तयार नव्हता.

दोष एकट्या समीक्षकांचा नाही. संहिता नसल्याने चांगले ते नटाबरोबर गेले. वीस वर्षे संकासूर गाजवणाऱ्याची एक ओळ उरत नाही. आणि गोव्याचे खरे भांडवल, म्हणजे गळा, तर बाहेरच जात होते. केसरबाई केरकर सोळाव्या वर्षी मुंबईला गेल्या होत्या. मंगेशीत दहा वर्षांचा दीनानाथ, पुढचे मास्टर दीनानाथ मंगेशकर, बाबा माशेलकरांकडे गात होता. तोही लवकरच किर्लोस्कर मंडळीच्या वाटेला लागायचा होता.

बायकांची गोष्ट त्याहून वेडीवाकडी. देवळाच्या सेवेतल्या घरांत मुली तालासुरात वाढत, पण मोठ्या कंपन्यांत स्त्री म्हणजे मिशी काढलेला पुरुष, आणि दशावतारातही तेच. त्या घरांतली एक बाई लेखणी घेऊन रंगभूमीवर आली: हिराबाई पेडणेकर. जन्म सावंतवाडीचा, आडनाव पेडण्याचे, बिऱ्हाड गिरगावात. 'जयद्रथ विडंबन' १९०४ चे, 'दामिनी' १९१२ चे. 'दामिनी' रंगभूमीवरही आले. आज मराठीतल्या पहिल्या महत्त्वाच्या स्त्री नाटककार म्हणून त्यांचे नाव घेतात, आणि घेऊन बाजूला ठेवतात. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर 'कस्तुरीमृग' लिहिले. ते ऐकलेले वाचक पुष्कळ भेटतात, 'दामिनी' वाचलेला मला अजून भेटायचा आहे.

त्याच १९११ मध्ये गिरगावात दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. दोन वर्षांनी 'राजा हरिश्चंद्र' आला. तारामतीसाठी त्यांना बाई मिळाली नाही. ती भूमिका ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांनी केली. साधारण त्याच सुमारास दक्षिण गोव्यातल्या कुर्डीची मोगू, पुढच्या मोगूबाई कुर्डीकर, चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत ध्रुवाचे सोंग घेऊन उभी होती.