पंचस्कंध आणि मेंदूविज्ञान
मनाला संगणक मानणाऱ्या बोधनिक मानसशास्त्राची मर्यादा वरेला, थॉम्पसन व रॉश यांच्या 'द एम्बॉडीड माइंड' (१९९१) या ग्रंथाने दाखवली. मेंदूत स्थिर 'मी' सापडत नाही, हे मांडताना लेखकांनी पंचस्कंधांचा आधार घेतला, हे त्यांचे श्रेय होय. शेवटी करुणेचीही चर्चा आहे. तथापि जन्मश्रेष्ठत्वाच्या प्रश्नाला ती भिडत नाही. वासेट्ठसुत्तात मात्र मनुष्यांतील भेद निसर्गसिद्ध नसून केवळ व्यवहारातील नावे आहेत, असे प्रतिपादन आढळते. 'मी' जर घडलेला, तर 'जन्माने श्रेष्ठ मी'ही घडलेलाच. बाबासाहेबांनी धम्म माणसामाणसांतील सम्यक् संबंधांत पाहिला. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राने आपण हुरळून जाऊ नये. अनात्मवादाची खरी कसोटी समाजातच लागते.