खोपा नेमका कोण विणतं?

हल्ली कवितांमध्ये ‘क्वांटम’, ‘ब्लॅकहोल’, ‘डीएनए’ हे शब्द सर्रास येतात. मीही वापरलेत. एकदा माझ्याच कवितेतून ‘ब्लॅकहोल’ काढून ‘अंधार’ टाकून पाहिलं. काहीही बिघडलं नाही. तेव्हापासून प्रश्न पडलाय, कविता विज्ञानाकडून नक्की घेते काय?

एक उत्तर आपल्या खानदेशातलंच आहे. बा. सी. मर्ढेकर १९०९ साली फैजपूरला जन्मले, पुढे धुळ्यात शिकले. १९४७च्या ‘काही कविता’मध्ये यंत्रयुग नुसता विषय म्हणून येत नाही, ते भाषेतच शिरतं. ‘पंक्चर’चं त्यांनी थेट क्रियापद केलं. तो शब्द काढला तर ओळच बसते. ही सजावट नव्हे. पण मर्ढेकरांचं यंत्र बहुतेकदा माणसाला चिरडायलाच येतं. ते चालतं कसं, याचं कुतूहल मला तिथे फारसं सापडत नाही.

ते सापडतं असोद्याच्या बहिणाबाई चौधरींकडे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यावर. सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता आपण आईच्या मायेची म्हणून पाठ केली. आता परत वाचा. हात नाहीत, बोटं नाहीत, नुसत्या चोचीनं हे विणलं कसं? हा निरीक्षकाचा प्रश्न आहे. विज्ञानाचा एकही शब्द न वापरता विचारलेला.

गोची अशी, की पक्षीशास्त्र सांगतं, खोपा विणतो तो मुख्यतः नर. तो अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येऊन पारखते. पसंत पडला तर तो पुरा करतो, नाहीतर अर्धवट सोडून दुसरा सुरू करतो. बाभळीवर लटकलेले अर्धे खोपे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

मग बहिणाबाईंची कविता खोटी ठरली का? माझ्या मते नाही. उत्तर चुकलं, पण पाहणं चुकलं नाही. आणि विज्ञानात तरी दुसरं काय होतं? आधीचं उत्तर दुरुस्त होतं, प्रश्न पुढे जातो.

म्हणून ‘ब्लॅकहोल’वाल्या मित्रांना, आणि स्वतःलाही, एवढंच सांगावंसं वाटतं: शब्द उसने आणण्याआधी एखादी गोष्ट तासभर बघूया. नाकारलेला खोपा सोडून पुन्हा पहिल्या काडीपासून सुरुवात करणाऱ्या त्या नरावरची कविता मी तरी अजून वाचलेली नाही.