पाणी जिरवावे की वाहू द्यावे?

डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना दरडीपासून कसे वाचवावे, याविषयी माल्कम अँडरसन आणि एलिझाबेथ होल्कंब यांनी लिहिलेले एक जाडजूड इंग्रजी पुस्तक जागतिक बँकेने २०१३ साली प्रसिद्ध केले. 'कम्युनिटी-बेस्ड लँडस्लाइड रिस्क रिडक्शन' हे त्याचे नाव. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया बेटावर २००४ पासून केलेल्या कामाचा अनुभव त्यामागे आहे. शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांनी या पुस्तकाची दखल का घ्यावी आणि ते कुठपर्यंत स्वीकारावे, हे आपण पाहू.

पुस्तकाचा मूळ विचार साधा आहे. उतारावरची माती स्वतःच्या वजनाने खाली सरकू पाहते. कणांमधले घर्षण आणि मातीचा चिकटपणा तिला धरून ठेवतात. पाऊस मुरला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवर पूर्वीइतके घट्ट दाबले जात नाहीत आणि घर्षण घटते. वजन मात्र वाढलेलेच असते. म्हणून लेखक सांगतात, की पाणी मुरण्याआधीच त्याला वाट करून द्या. वस्तीच्या वरच्या अंगाला आडवे गटार, छपरांना पन्हळी, सांडपाण्याला नाली. कोणत्या घरामागे पाणी साचते, कुठे तडा गेला, हे घरोघरी फिरून, रहिवाशांना विचारून नकाशावर मांडायचे. बांधकामही शक्यतो वस्तीतल्याच लोकांकडून करून घ्यायचे.

घरोघरच्या नकाशाचे मोल आपल्याला २०२३ साली कळायला हवे होते. त्या वर्षी १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. जिल्ह्याच्या नकाशावर एक वाडी म्हणजे टिंबही नसते. ती दिसायला पायीच जावे लागते.

हे पुस्तक आपल्या एका लाडक्या घोषवाक्यालाही धक्का देते. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे दुष्काळी माळरानावर योग्यच आहे. पण जिथे एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे वस्तीच्या डोक्यावरच्या तीव्र उतारावर समतल चर खणणे म्हणजे डोंगराच्या पोटात आणखी पाणी भरणे. घोषवाक्य शिकवताना 'कुठे?' हा प्रश्न आपण सहसा वगळतो.

आता पुस्तकाच्या मर्यादा. सेंट लुशियातल्या वस्त्या दाटीच्या, नळाचे पाणी असलेल्या. तिथे छपरांचे आणि सांडपाण्याचे पाणी हा मोठा वाटा ठरतो. आपल्या पाड्याचे गणित वर्गात करून पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चाळीस चौरस मीटरचे छप्पर, अशी तीस घरे, दिवसात २०० मिलिमीटर पाऊस धरला, तर सगळ्या छपरांचे मिळून २ लाख ४० हजार लिटर पाणी होते. पाड्यामागच्या पाच हेक्टर उतारावर त्याच दिवशी एक कोटी लिटर पडते. म्हणजे छपरांचा वाटा चाळीसाव्या हिश्शाइतका! पन्हळी जरूर लावाव्यात, कारण ते पाणी नेमके घराच्या पायाशी मुरते. पण खरा भार वरच्या गटारावर आहे, आणि वरचा उतार पुष्कळदा वनखात्याच्या ताब्यात असतो. तिथे एकट्या पाड्याचा उत्साह पुरा पडत नाही.

दुसरी मर्यादा खडकाची. पुस्तकातला उपाय मातीच्या उतारांसाठी आहे. सह्याद्रीत कठीण आणि मऊ बेसाल्टचे थर एकावर एक आहेत. मऊ थर झिजला की वरचा कठीण थर आधाराविना पुढे येतो आणि एक दिवस कोसळतो. माळशेजच्या परिसरातल्या अशा कड्यांना गटाराने आवर घालता येत नाही. कड्याखालच्या पाड्याला दुसरी जागाच हवी.

तिसरी मर्यादा पुराव्याची. २०१० च्या टॉमस वादळात गटारे झालेल्या वस्त्या टिकल्या, हे उत्साहवर्धक आहे. पण थोड्या वस्त्या आणि एक वादळ यांवरून खात्री देता येत नाही.

तरीही मूळ धडा खोटा ठरत नाही. मुरबाडच्या पूर्वेला सह्याद्रीचा माथा ओलांडला की आंबेगाव तालुका लागतो. त्यातल्या माळीण गावात ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली १५१ जण गेले. वाचलेल्यांसाठी वसवलेल्या नव्या गावात २०१७ च्या पहिल्याच पावसात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या. जागा बदलली तरी पाण्याची वाट आधी ठरवावीच लागते.

माझा खरा आक्षेप पुस्तकापेक्षा त्याच्या संभाव्य वापरावर आहे. 'लोकसहभाग' हा शब्द सरकारला सोयीचा असतो. गटार लोकांनी खणले, म्हणजे पुनर्वसनाची जबाबदारी संपली, असे होता कामा नये. मुलांनी केलेला पाड्याचा नकाशा, त्यावर नवे झरे, तिरकी झालेली झाडे, जमिनीच्या भेगा तारखांसह नोंदवलेल्या, हा ग्रामसभेपुढे आणि तहसीलदारांपुढे ठेवायचा पुरावा आहे. तो पावसाळ्याआधी तयार हवा.