मुखवटा आणि चौकट

जादूच्या प्रयोगाला काळ लागतो. छायाचित्र काळ थांबवते. वस्तू नाहीशी होणे आणि पुन्हा प्रकटणे या क्रमातून निर्माण होणारा विस्मय एका चौकटीत मावत नाही. सोंग मात्र स्थिर असते, आणि म्हणून ते कॅमेऱ्याला सहज सापडते, असा समज आहे.

हेलन लेव्हिट यांचे १९४० च्या सुमाराचे न्यूयॉर्कमधील छायाचित्र हा समज डळमळीत करते. हॅलोविनची सोंगे घेतलेली तीन मुले दारातून बाहेर पडत आहेत. त्यांतील एक अजून मुखवटा चढवीतच आहे. येथे विस्मय आहे तो मूल आणि सोंग यांच्यामधल्या संक्रमणाचा.

डीअॅन आर्बस यांनी १९६९ ते १९७१ या काळात न्यू जर्सीतील बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या निवासी संस्थांत टिपलेली हॅलोविनची छायाचित्रे अधिक कठीण प्रश्न उभा करतात. आर्बस यांची छायाचित्रे करुणा जागवीत नाहीत, असा आक्षेप सुसान सोंटॅग यांनी 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) या ग्रंथात घेतला. परंतु या छायाचित्रांतील मुखवटे बघ्याच्या करुणेलाही दारातच अडवतात. व्यंग शोधू पाहणाऱ्या नजरेला मुखवट्यापलीकडे जाता येत नाही. सण त्या माणसांचाच राहतो. तथापि चौकट कोणी आखली, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. सोंग घेणाऱ्याला लपण्याचा अधिकार असतो. छायाचित्र तो मान्य करते आणि त्याची नोंद ठेवून मोडतेही. आर्बस यांच्या या अखेरच्या कामाचे मोल या न सुटणाऱ्या पेचात आहे.