लोकस्थिती आधी, प्रवास मागून

मार्कंड्याच्या यात्रेस चामोर्शीवरून पायी जाणारे भाविक पाहिले की आम्हांस पंडिता रमाबाई आठवतात. बालपणी आईवडिलांसमवेत तीर्थे पायी हिंडलेल्या रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हा त्या प्रवासाचा ग्रंथ. त्याचे मर्म शीर्षकातील क्रमातच आहे. स्थळांच्या शोभेपेक्षा स्त्रियांचे शिक्षण, त्यांच्या संस्था आणि तेथील मूळ रहिवाशांवरील अन्याय ह्यांवर त्यांची दृष्टी स्थिरावते. अमेरिकेच्या स्तुतीचा सूर कुठे कुठे चढतो, हा दोष आम्ही नाकारीत नाही. परंतु आमच्याकडे येणाऱ्या रोम-लूर्दच्या प्रवासवर्णनांत मंदिरांचे कळस दिसतात, माणसे दिसत नाहीत. लेखकांनी निघण्यापूर्वी रमाबाई वाचाव्यात.