स्त्रियांची शृंगाररुची आणि तिचे साक्षीदार

शृंगारिक व अश्लील वाङ्मयात स्त्रियांस काय रुचते, आणि त्या रुचीवरून त्यांच्या अनुभवाविषयी व मतांविषयी काय अनुमान काढावे, हा प्रश्न अगदी अलीकडचा, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. महाराष्ट्रातील स्त्रियांस अश्लील व कठोर शब्द प्रिय असतात, असे वात्स्यायनाने कामसूत्रात लिहून ठेविले आहे. आमच्या विदर्भातील वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ज्यास ठाऊक होते, त्या ग्रंथकाराचे म्हणणे सहज झिडकारता येत नाही. परंतु साक्षीदार पुरुष आहे, हे विसरून चालावयाचे नाही.

आमच्या वाङ्मयात ही साक्ष बहुधा पुरुषांनीच दिली आहे. गाथासप्तशतीतील रेवा, माधवी अशा काही कवयित्री हा अपवाद. लावणीतली विरहिणी बोलते ती होनाजीच्या आणि रामजोशांच्या शब्दांत. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून स्त्रीच्या कामसुखाचा कैवार घेणारे र. धों. कर्वे यांच्या धैर्याविषयी आम्हांस आदरच आहे. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तथापि त्या मासिकातील 'शारदेची पत्रे' लिहिणारी शारदा म्हणजे स्वतः कर्वेच होत.

आता दुसरी बाजू पाहा. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले. त्यात सुशिक्षित अविवाहित तरुणींची घुसमट होती. अश्लील असे काहीच नव्हते. तरी मालतीबाई बेडेकरांस 'विभावरी शिरूरकर' हे नाव घ्यावे लागले, आणि ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. पुरुषाने स्त्रीचे नाव घेतले ते मोकळेपणाने बोलण्यासाठी. स्त्रीने टोपणनाव घेतले ते लपण्यासाठी.

खुनाच्या कथा चवीने वाचणाऱ्या गृहस्थावर कोणी खुनाचा आळ घेत नाही. स्त्रीच्या वाचनावरून मात्र तिचे चारित्र्य ताडले जाते. अनुभवाचा व श्रद्धांचा रुचीशी संबंध नसतो, असे आमचे म्हणणे नाही. पण तो प्रत्येकीचा निराळा. अमेरिकेत नॅन्सी फ्रायडे यांनी १९७३ साली स्त्रियांची कामविषयक मनोराज्ये त्यांच्याच तोंडून ऐकून छापली, तेव्हा मनात रंगविलेले सारेच प्रत्यक्षात हवे असते असे नाही, हे दिसून आले. रुचीवरून शीलाचा निवाडा करण्याची खोड जोवर सुटत नाही, तोवर खरी साक्ष देण्यास कोणती स्त्री पुढे येईल?